ठिणगीची वेळ

चाळीसगावहून कन्नडकडे निघालं की कपाशीची शेतं मागं पडतात आणि अजिंठ्याच्या डोंगररांगेची भिंत समोर येते. कागदोपत्री हा औट्रम घाट. खानदेशात भिल्लांची पलटण उभी करणाऱ्या जेम्स औट्रमचं नाव त्याला चिकटलं, पण आमच्या तोंडी तो कन्नडचा घाटच. लहानपणी मामांच्या ॲम्बेसेडरमधून हा घाट आम्ही किती वेळा चढलो याची मोजदाद नाही. निम्मा चढ झाला की मामा खिडकीची काच पूर्ण खाली करायचे आणि आम्हा मुलांना गप्प बसायला सांगायचे. पाय दाबला की इंजिनातून बारीक खळखळाट यायचा, पत्र्याच्या डब्यात वाळलेले हरभरे हलवावेत तसा. तो आला की मामा पाय थोडा उचलायचे, खालचा गिअर टाकायचे आणि एवढंच म्हणायचे, "टायमिंग पुढं आहे."

आजच्या गाडीत हा आवाज माणसानं ऐकायची गरज उरलेली नाही. इंजिनावर बसवलेला एक सेन्सर तो ऐकतो आणि संगणक त्याच क्षणी ठिणगी थोडी मागं घेतो. पण जळगाव-धुळ्याच्या पट्ट्यात अजून कितीतरी अंगणांत ॲम्बेसेडर आहे, पद्मिनी आहे, शेतावर पेट्रोलची जुनी जीप आहे, आणि बुलेट तर गल्लोगल्ली आहे. एखाद्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली आजोबांची परदेशी स्पोर्ट्स कारही असते. या सगळ्यांत ठिणगीची वेळ ठरवतात ते काही स्प्रिंगा, दोन छोटी वजनं, एक रबरी पडदा आणि अर्ध्या मिलिमीटरहून कमी असलेली एक फट. हे भाग कधी बदलायचे, कधी तात्पुरते काढायचे आणि कधी त्यांना हातही लावायचा नाही, याचं ज्ञान ज्यांच्या हातात आहे ते मिस्तरी आता सत्तरीच्या पुढं गेले. म्हणून हा लेख.

आधी गोष्ट समजून घेऊ. पिस्टन वर येतो, पेट्रोल-हवेचं मिश्रण दाबतो, प्लगवर ठिणगी पडते, मिश्रण जळतं आणि पिस्टन खाली ढकलला जातो. ऐकताना वाटतं की पिस्टन अगदी वर पोचला की ठिणगी पाडावी, काम झालं. पण जळायला वेळ लागतो. पऱ्हाटीच्या ढिगाला एका टोकाला काडी लावली तर आग दुसऱ्या टोकाला लगेच पोचत नाही, तसंच सिलिंडरमध्येही होतं. सगळं मिश्रण जळायला सेकंदाचे दोन सहस्रांश लागतात असं धरा. इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत संथ चालू असेल तर तेवढ्या वेळात क्रँक जवळजवळ १० अंश फिरतो. तेच इंजिन ३,००० फेऱ्यांवर गेलं की तेवढ्याच वेळात तो ३६ अंश फिरतो. म्हणजे वेग वाढेल तशी ठिणगी आधी पाडायला हवी. प्रत्यक्षात वेगाबरोबर मिश्रण जास्त घुसळलं जातं आणि जळणंही वेगवान होतं, त्यामुळे हिशेब इतका सरळ राहत नाही. दिशा मात्र हीच.

दाबाचा सर्वांत मोठा धक्का पिस्टन माथ्यावरून वळून १२ ते १५ अंश खाली आल्यावर बसला, तर ताकद पूर्ण मिळते. ठिणगी फार आधी पडली तर वर येणाऱ्या पिस्टनवरच धक्का बसतो. शिवाय दाब आणि उष्णता इतकी वाढते की कोपऱ्यात उरलेलं मिश्रण ज्योत पोचायच्या आधीच आपणहून पेटतं. घाटातले ते हरभरे म्हणजे हाच आवाज. तो दिवसेंदिवस चालू राहिला तर पिस्टनच्या रिंगांमधल्या कडा तुटतात. उलट ठिणगी उशिरा पडली तर आवाज काहीच येत नाही, म्हणून लोकांना ती चूक कळत नाही. गाडी मऊ चालते, पिकअप नसतो, पेट्रोल जास्त लागतं, आणि एक्झॉस्ट वाल्व उघडेपर्यंत जळणं चालूच राहिल्यामुळे इंजिन तापतं. आमच्याकडच्या उन्हाळ्यात गाडी तापली की सगळे रेडिएटरवर संशय घेतात. माझ्या पाहण्यात कितीतरी रेडिएटर उगाच उघडले गेले. दोष टायमिंगचा होता.

फार जुन्या गाड्यांत ही वेळ चालकानंच सांभाळायची असे. फोर्डच्या मॉडेल टीला स्टिअरिंगखाली दोन दांड्या होत्या, उजवीकडची वेगाची आणि डावीकडची ठिणगीची. चढ आला की डावा हात दांडीवर. अमेरिकेत चार्ल्स केटरिंगनं बॅटरी, कॉइल आणि उघडमीट करणारे पॉइंट यांची पद्धत बसवली आणि ती १९१० च्या कॅडिलॅकमध्ये आली. पुढं साठ-सत्तर वर्षं जगभरच्या पेट्रोल गाड्या मुळात त्याच पद्धतीनं चालल्या. पॉइंट मिटलेले असताना कॉइलमधून वीज वाहते आणि तिच्याभोवती चुंबकत्व साठतं. पॉइंट उघडले की ते चुंबकत्व एकदम कोसळतं आणि दुसऱ्या वेटोळ्यात पंधरा-वीस हजार व्होल्ट उठतात. तीच ठिणगी. पॉइंट उघडण्याचा क्षण हाच ठिणगीचा क्षण, हे वाक्य ज्याच्या डोक्यात पक्कं बसलं त्याला पुढचं सगळं सोपं जातं.

आता स्पोर्ट्स कारकडे येतो, कारण तिचा आणि आपल्या ॲम्बेसेडरचा संबंध लोकांना माहीत नसतो. इंग्लंडमध्ये ॲबिंग्डनला १९५५ ते १९६२ या काळात एमजीए नावाची दोन आसनांची देखणी गाडी बनत होती. सुरुवातीला तिच्यात १,४८९ सीसीचं बी-सिरीज इंजिन होतं. आपल्या ॲम्बेसेडरमध्ये साइड वाल्वचं जुनं इंजिन जाऊन जे ओव्हरहेड वाल्वचं इंजिन आलं, तेही १,४८९ सीसीचं बी-सिरीजच. घराणं एकच. एमजीएला एसयूचे दोन कार्बोरेटर आणि जास्त कॉम्प्रेशन, म्हणून ताकद सत्तर अश्वशक्तीच्या आसपास. ॲम्बेसेडर पन्नासच्या आसपास. पण ब्लॉक तोच, फायरिंग ऑर्डर तीच १-३-४-२, आणि पॉइंट ज्यात बसतात व जो प्लगांना पाळीपाळीनं ठिणगी वाटतो तो डिस्ट्रिब्युटरही दोन्हींत लुकास कंपनीच्या घडणीचा. धुळ्याच्या ज्या मिस्तरीनं आयुष्यभर मुंबई-आग्रा महामार्गावरच्या ॲम्बेसेडर टॅक्स्या हाताळल्या, त्याच्यासमोर एमजीएचं बॉनेट उघडलं तर त्याला नवीन असं फार थोडं दिसेल.

एक सावधगिरी मात्र हवी. डिस्ट्रिब्युटर बाहेरून सारखे दिसले तरी आतल्या स्प्रिंगा आणि वजनं वेगळी असतात. लुकासच्या अंगावर नंबर ठोकलेला असतो. टोपण आणि खालची प्लेट काढली की ठिणगी पुढं नेणाऱ्या, म्हणजे ॲडव्हान्सच्या, तुकड्यावर अंश ठोकलेले दिसतात. नंबर न बघता एकाचा डिस्ट्रिब्युटर दुसऱ्याला बसवला तर गाडी सुरू होते, चालतेही, पण तिची ठिणगी दुसऱ्याच इंजिनाच्या हिशेबानं पडत राहते.

डिस्ट्रिब्युटरच्या आत वेळ पुढं-मागं करणारी दोन वेगळी यंत्रं आहेत. पहिलं वजनांचं. फेरे वाढले की दोन छोटी वजनं बाहेर फेकली जातात आणि पॉइंट उघडणाऱ्या कॅमला थोडं पुढं फिरवतात. फेरे कमी झाले की स्प्रिंगा त्यांना परत ओढतात. या दोन स्प्रिंगा बऱ्याचदा मुद्दाम असमान असतात, एक नाजूक आणि एक जाड, जाड स्प्रिंगेचं कडं थोडं सैल. आधी नाजूक स्प्रिंग ताणली जाते, मग जाड कामाला लागते. ही असमानता बघून कोणाला वाटतं की एक स्प्रिंग सैल पडली आहे, आणि तो दोन सारख्या स्प्रिंगा टाकून मोकळा होतो. ती दुरुस्ती नसते, बिघाड असतो.

दुसरं यंत्र व्हॅक्यूमचं. कार्बोरेटरपासून एक बारीक नळी येते आणि डिस्ट्रिब्युटरच्या कुशीतल्या डबीला लागते. डबीत रबरी पडदा असतो. आपण सपाट रस्त्यावर हलक्या पायानं चालवत असतो तेव्हा सिलिंडरमध्ये मिश्रण कमी भरतं, विरळ असतं, आणि विरळ मिश्रण सावकाश जळतं. विरळ पसरलेल्या पऱ्हाट्या कशा धुमसत जळतात तसंच. म्हणून त्या वेळी ठिणगी आणखी आधी हवी. तेव्हा कार्बोरेटरकडे ओढ जास्त असते, पडदा ओढला जातो आणि पॉइंटची प्लेट थोडी फिरते. पाय पूर्ण दाबला की ओढ नाहीशी होते आणि प्लेट मागं येते, घाटात नेमकी हवी तशी. जीपच्या जुन्या विलिस इंजिनाला ही डबी नव्हती. ओझं ओढायच्या गाडीला वजनांवर भागत होतं. शर्यतीच्या गाडीलाही ती नसली तरी चालतं, कारण तिथं पाय सतत पूर्ण दाबलेला असतो आणि ओढ निर्माणच होत नाही. काही हौशी तरुण शर्यतीच्या गाडीचं बघून रस्त्यावरच्या गाडीची डबी काढून टाकतात. धुळे ते शिरपूर रस्त्यावर ताशी साठनं जाणारी गाडी शर्यत करत नसते. तिला डबीची गरज असते.

मामांच्या गाडीचं असंच झालं. सपाट रस्त्यावर एका वेगानं चालली की ती मधूनच झटका द्यायची, मिसिंग करायची. घाटात पाय दाबून चढताना मात्र मिसिंग नसायचं. एका गॅरेजात दाखवली. तिथं व्हॅक्यूमची नळी काढून तिच्या तोंडात स्क्रू घातला आणि वर क्लिप मारली. मिसिंग त्याच क्षणी थांबलं. मामा खूश झाले. संथ चालू इंजिनावर काही फरक दिसला नाही, कारण एसयू कार्बोरेटरवर त्या नळीचं छिद्र बहुधा अशा ठिकाणी असतं की पाय पूर्ण सोडलेला असताना तिथं ओढ नसतेच. त्यामुळे नळी काढली तरी इंजिन कुरकुर करत नाही, आणि माणसाला वाटतं की ती निरुपयोगीच होती. दोन-तीन महिन्यांत फरक कळला. पेट्रोल जास्त लागू लागलं. जळगावला मे महिन्यात जाताना बॉनेटमधून गरम वाफा येऊ लागल्या. रेडिएटर साफ झाला, थर्मोस्टॅट काढला गेला. काही उपयोग झाला नाही.

वर्षभरानं गाडी धुळ्यातल्या एका वयस्कर मिस्तरीकडे गेली. सगळे त्यांना चाचा म्हणत. चाचांनी आधी काहीच खोललं नाही. गाडी चालू करून वेग थोडा वाढवून धरला, सायलेन्सरच्या पाइपापासून हात लांब धरून उष्णता बघितली, आणि म्हणाले, "टायमिंग मांगे जायेल शे, भाऊ." अहिराणीत 'मांगे' म्हणजे मागं. मग त्यांची नजर स्क्रू घातलेल्या नळीवर गेली. त्यांनी स्क्रू काढला, नळीचं तोंड पुसून तोंडात धरलं, हवा ओढली आणि जिभेनं बंद केली. टोपणाखाली प्लेट हलली आणि तशीच थांबली. म्हणजे पडदा फाटलेला नव्हता, डबी चांगली होती. मग दोष कुठं? चाचांनी टोपण काढलं आणि माचिसच्या काडीनं एक बारीक विणलेली वायर उचलून दाखवली. हलणाऱ्या प्लेटपासून डिस्ट्रिब्युटरच्या अंगापर्यंत जाणारी ही अर्थिंगची वायर. ती तुटली होती.

इथं सगळा उलगडा झाला. ही वायर तुटली की पॉइंटला अर्थ मिळते ती केवळ प्लेटवर प्लेट घासते त्यातून, म्हणजे नशिबानं. व्हॅक्यूमनं प्लेट हलली की तो स्पर्श सुटायचा आणि एक-दोन ठिणग्या गळायच्या. नळी बंद केल्यावर प्लेट हलायची थांबली आणि मिसिंगही थांबलं. वायर तुटलेलीच राहिली, ठिणगी मात्र सपाट रस्त्यावर कायमची उशिरा पडू लागली. चाचांनी जुन्या कॉइलच्या वायरीतून मऊ विणलेला तुकडा काढला, त्याच लांबीचा कापला, झाळला आणि प्लेट हलवून बघितली. वायर जाड किंवा ताठ घेतली तर ती प्लेटला अडवते, म्हणून मऊच हवी. मग नळी जागेवर लावली. गाडी झटके देत नाही आणि तापतही नाही, हे त्याच आठवड्यात कळलं.

व्हॅक्यूमची नळी काढणं कामात असतंच. टायमिंग लाइटनं तपासताना ती काढून कार्बोरेटरकडचं तोंड बंद करायचं, वाचन घ्यायचं आणि पुन्हा लावायची. ते तात्पुरतं. खराब झालेला भाग बदलायचा असतो. त्याला बाजूला ठेवून गाडी चालवणं ही दुरुस्ती नव्हे, हे चाचांचं मत मला मनापासून पटलं आहे. पडदा फाटला असेल तर नवी डबी घाला. फाटक्या पडद्यातून हवा आत जाते, मिश्रण आणखी विरळ होतं, आणि त्रास दुहेरी होतो.

पॉइंट बदलताना क्रम चुकवू नये. आधी फट, मग टायमिंग, शेवटी कार्बोरेटर. लुकासच्या पॉइंटची फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर. फिलर गेज नसेल तेव्हा जुने लोक पुठ्ठ्याच्या तुकड्यानं भागवत, पण गेज स्वस्त मिळतं, ते जवळ ठेवावं. कॅमच्या उंचवट्यावर पॉइंटची टाच बरोबर बसलेली असताना फट मोजायची. टाच फायबरची असते आणि झिजते. झिजली की फट कमी होते, पॉइंट उशिरा उघडतात आणि टायमिंग आपोआप मागं सरकतं. म्हणूनच फट न बघता टायमिंग लावणं म्हणजे वाळूवर खूण करणं. कॅमवर ग्रीसचा अगदी बारीक लेप, रोटरखाली तेलाचे दोन थेंब. जास्त तेल घातलं तर ते पॉइंटवर उडतं आणि पॉइंट काळे पडतात.

टायमिंग लावायला प्रत्येक वेळी लाइट लागतोच असं नाही. १२ व्होल्टचा साधा बल्ब घ्या. एक वायर कॉइलच्या पॉइंटकडच्या टोकाला, दुसरी इंजिनाच्या लोखंडाला. एक नंबरच्या सिलिंडरला खूण जुळवा, किल्ली चालू करा आणि डिस्ट्रिब्युटर हळू फिरवा. पॉइंट मिटलेले असताना बल्ब विझलेला असतो. उघडले त्या क्षणी पेटतो. काम झालं की किल्ली लगेच बंद करा, कारण पॉइंट मिटलेले राहून किल्ली चालू राहिली तर कॉइल तापून मरते. रोटर ज्या दिशेनं फिरतो त्याच दिशेला अंग फिरवलं की टायमिंग मागं जातं, उलट फिरवलं की पुढं येतं. लुकासच्या बऱ्याच डिस्ट्रिब्युटरांना खाच्यांचं छोटं चाक असतं, त्याजवळ बाणाबरोबर ॲडव्हान्स आणि रिटार्डची इंग्रजी आद्याक्षरं असतात. शेवटचा फरक त्या चाकानं करायचा आणि गाडी चढावर नेऊन कान द्यायचा. लाइट वापरत असाल तर त्याची वायर आणि शर्टाची बाही पंख्यापासून दूर ठेवा. प्लगच्या वायरीला चालू इंजिनावर हात लावू नका. हे सांगायला नको असं वाटतं, तरी सांगतो.

आमच्याकडच्या उन्हानं या हिशेबात भर घातली आहे. जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या पुढं जातो. आत जाणारी हवा जितकी गरम, तितकं मिश्रण आपणहून पेटायला सोपं. डिसेंबरात बिनआवाज चालणारी गाडी मेमध्ये लळिंगच्या चढावर खळखळते, म्हणून जुने मिस्तरी उन्हाळ्यापूर्वी टायमिंग किंचित मागं घेत. पण उन्हाळ्यात बंद पडलेली गाडी बघितली की सगळ्यांचं पहिलं निदान एकच, पेट्रोल उकळलं, पंपावर ओलं फडकं टाका. कधी ते खरं असतं. कधी मात्र कॉइल किंवा कंडेन्सर गरम होऊन सोडून देतो आणि थंड झाला की पुन्हा चालतो. लक्षणं हुबेहूब सारखी. फरक कळायला एकच तपासणी पुरते. गाडी बंद पडल्यावर लगेच, थंड व्हायच्या आधी, एक प्लग काढून वायरीला लावा आणि लोखंडावर टेकवून स्टार्टर मारा, पेट्रोलच्या वासापासून लांब. निळी, कडक ठिणगी असेल तर दोष पेट्रोलचा. पिवळी, मरतुकडी असेल किंवा नसेलच, तर कंडेन्सर आणि कॉइल बघा. कंडेन्सर साधारण ०.२ मायक्रोफॅरडचा छोटा डबा, पण तो गेला की पॉइंटवर जाळ पडतो, ते करपतात आणि कॉइलमधलं चुंबकत्व झटकन कोसळत नाही. नवा कंडेन्सर लावलाच तर जुना चालू असलेला टाकून देऊ नका. डिकीत ठेवा.

पद्मिनीचं नाव या लेखात यायलाच हवं. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी केली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० बाहेर पडू लागली. तीच पुढं पद्मिनी. १,०८९ सीसी, फायरिंग ऑर्डर १-३-४-२. मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये उतरली. त्यामुळे मुंबईत तिचे सुटे भाग वापरणारे कमी होत चालले आहेत, आणि आपल्याकडे ज्यांच्या पद्मिनी उभ्या आहेत त्यांनी पॉइंट, रोटर आणि टोपण यांची एकेक जोडी आताच घेऊन ठेवावी.

बुलेटवाल्यांना तर टायमिंगचं यंत्र हँडलवरच मिळालेलं होतं. पॉइंटच्या जुन्या बुलेटला ॲम्पिअरचा काटा असे. किल्ली चालू करून किक सावकाश दाबली की पॉइंट मिटलेले असताना काटा खाली झुकतो आणि उघडले की मध्यावर येतो. त्या हलण्यावर टायमिंग लावणारी मुलं मी जळगावात पाहिली आहेत. ३५० च्या बुलेटचं टायमिंग पूर्ण मागं असताना पिस्टन माथ्याच्या ०.८ मिलिमीटर खाली, असं दिलेलं असतं. स्ट्रोक ९० मिलिमीटर धरून हिशेब केला तर ते सुमारे १० अंश येतात. मिलिमीटरवरून अंश काढायला ज्या आणि कोज्या लागतात. कन्नडच्या घाटाच्या पायथ्याशी पाटण्याला भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ काढल्याचा १२०७ चा शिलालेख आहे, आणि ज्या काढण्याच्या रीती भास्कराचार्यांनी सिद्धान्तशिरोमणीत दिल्या आहेत. मला तो योगायोग फार आवडतो.

आता पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक मोड्यूल बसवावं का, हा प्रश्न. चांगलं मोड्यूल टाच झिजण्याचा त्रास संपवतं आणि टायमिंग महिनोन्महिने एका जागी राहतं. रोज वापरायच्या ॲम्बेसेडरला ते बसवायला माझी हरकत नाही. पण वजनं आणि व्हॅक्यूमची डबी तशीच कामात राहते, हे ध्यानात ठेवा. मोड्यूल फक्त पॉइंटची जागा घेतं. एमजीएसारख्या जुन्या इंग्लिश गाड्यांत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असतं. नेहमीचं मोड्यूल तिथं जोडलं की क्षणात जळतं. कॉइलही मोजून घ्या. साध्या कॉइलचा रोध ३ ओहमच्या आसपास, म्हणजे १२ व्होल्टला ४ ॲम्पिअर. बॅलास्टवर चालणारी कॉइल दीड ओहमची, आणि ती बॅलास्टशिवाय लावली तर करंट दुप्पट होतो. मग पॉइंट असोत की मोड्यूल, दोन्ही तापतात. काढलेले पॉइंट, कंडेन्सर आणि प्लेट पिशवीत घालून गाडीतच ठेवा. केंद्र सरकारनं २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांच्या नोंदणीचे नियम केले, त्यात ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात राखलेली गाडी धरली जाते. पुढं नोंदणी करायची असेल तर मूळ भाग हाताशी हवेत.

पेट्रोलही बदललं आहे. शिसं असलेलं पेट्रोल देशभर २००० मध्ये बंद झालं. आता इथेनॉलचं प्रमाण २० टक्क्यांपर्यंत आलं आहे. इथेनॉलमुळे ऑक्टेन वाढतं, म्हणून खळखळाट उलट कमी होतो. पण इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, त्यामुळे जुन्या कार्बोरेटरमध्ये मिश्रण विरळ पडतं, आणि विरळ मिश्रण तापतं. तेव्हा टायमिंग पुढं ओढण्यापूर्वी कार्बोरेटरचं मिश्रण दुरुस्त करा आणि पंपाचे व नळ्यांचे जुने रबर बदलून घ्या.

जळगावच्या आणि धुळ्याच्या आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे. तिथं शिकणाऱ्या मुलांना संगणकाचं स्कॅनर यायलाच हवं, रोजगार तिथंच आहे. पण एका टेबलावर एक लुकासचा डिस्ट्रिब्युटर, एक बल्ब आणि एक फिलर गेज ठेवावं, आणि गावातल्या म्हाताऱ्या मिस्तरींना वर्षातून दोन दिवस सन्मानानं बोलवावं. पॉइंट उघडताच पेटणारा बल्ब ज्यानं पाहिला, त्याला संगणक नेमकं काय करतो हे वेगळं शिकवावं लागत नाही. ही विनंती मी शिक्षकांना आणि पालकांना करतो, आणि ज्यांच्याकडे जुन्या गाड्या आहेत त्यांनी एखादा जुना डिस्ट्रिब्युटर आयटीआयला द्यावा, अशीही.

आणि या दिवाळीत गावी जाण्यापूर्वी घरच्या जुन्या गाडीचं बॉनेट एकदा उघडा. व्हॅक्यूमच्या नळीत स्क्रू घातलेला दिसला, तर डिस्ट्रिब्युटरचं टोपण काढून आतली ती विणलेली वायर बघा. तुटली असेल तर नवी मऊ वायर झाळून घ्या, आणि मगच नळी जागेवर लावा.